पुसण्याचा इतिहास: एसएसडी मंद का होते आणि ती जलद कशी ठेवायची

मागच्या लेखात अभिलेखागारात कागदपत्रांचे फोटो कसे काढायचे, फायलींना नावं कशी द्यायची ते पाहिलं. त्यावर हिवरखेडच्याच एका विद्यार्थिनीनं विचारलं, "दादा, फोटो काढून झाले, पण आता लॅपटॉपच हलत नाही. एसएसडी टाकलेली आहे, तरीसुद्धा. काय करू?"

प्रश्न साधा आहे. पण "हे बटण दाब, ते बंद कर" असं उत्तर दिलं, तर वर्षभरानं ते चुकीचं ठरू शकतं. म्हणून उत्तर जरा लांबून देतो, इतिहासातून. तुम्ही पेटची, नेट-सेटची तयारी करत असाल, उद्या संशोधनाला लागणार असाल, तर यातला अर्धा भाग तुमच्या लॅपटॉपच्या कामाचा आहे आणि अर्धा तुमच्या प्रबंधाच्या.

आधी माझी चूक

एम.ए. करताना घेतलेला माझा लॅपटॉप चौथ्या वर्षी इतका रेंगाळू लागला, की सकाळी बटण दाबून मी चहा ठेवायचो. चहा आधी व्हायचा. अकोल्यातल्या एका दुरुस्तीवाल्यानं तो उघडून पाहिला आणि म्हणाला, "लॅपटॉप बिघडला नाई भाऊ, डिस्क थकली हाये. एसएसडी टाक, मंग पाह्यजो कसा पयते." २४० जीबीची टाकली. खरंच पळायला लागला.

दीड वर्षानं, प्रकरणं लिहायच्या ऐन हंगामात, तो पुन्हा अडखळू लागला. मी मिळेल तो सल्ला पाळत सुटलो. कुठं लिहिलं होतं डिफ्रॅग करा, केलं. कुठं लिहिलं होतं पेजफाइल बंद करा, नाहीतर एसएसडी झिजते, बंद केली. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर पेजफाइल बंद केली की काय होतं ते दुसऱ्याच दिवशी कळलं. दोन मोठ्या पीडीएफ आणि प्रकरणाची फाइल उघडी असताना मेमरी संपली, सगळं बंद पडलं आणि तीन तासांचं लिखाण गेलं.

मग जागा करायची म्हणून एक फोल्डर उडवलं, रिसायकल बिनमधूनसुद्धा. ते पेनड्राइव्हवर आहे असा माझा समज होता. नव्हतं. कापूस बाजाराच्या जुन्या नोंदवह्यांचे अकराशे फोटो. फायली परत आणणारं सॉफ्टवेअर चालवलं. त्यानं नावं दाखवली, आकार दाखवले. उघडून पाहिलं तर आत नुसती शून्यं.

जुन्या हार्ड डिस्कवर हेच झालं असतं, तर बरेचसे फोटो परत मिळाले असते. मग इथं का नाही मिळाले? आणि नवी असताना पळणारी एसएसडी भरत आल्यावर का अडखळते? या दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे, आणि ते १९८४ सालच्या एका तडजोडीत सापडतं.

फिरणाऱ्या तबकडीच्या सवयी

आयबीएमनं १९५६ साली 'रामॅक' नावाचं यंत्र बाजारात आणलं. त्याच्या साठवण-कपाटात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरं मावायची. हवं ते अक्षर शोधायला अर्ध्या सेकंदाहून जरा जास्त वेळ लागायचा. लॅपटॉपमधली हार्ड डिस्क या यंत्राचीच वंशज. तबकडी फिरते, वर एक सुई सरकते.

मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कची एक फेरी सुमारे ११ मिलिसेकंदांची. म्हणजे हवा तो भाग सुईखाली यायला सरासरी साडेपाच मिलिसेकंद, आणि सुई सरकायला आणखी दहा-बारा. हिशेब करा: इकडेतिकडे विखुरलेल्या गोष्टी वाचायच्या असतील, तर सेकंदाला साठेक वाचनं. लॅपटॉप सुरू होताना हजारो लहान फायली वाचतो. माझा चहा आधी का व्हायचा, ते इथं कळतं.

या डिस्कमुळे संगणकप्रणालींना दोन सवयी लागल्या. पहिली: जवळजवळची गोष्ट स्वस्त, लांबची महाग. म्हणून फाइलचे तुकडे एकत्र आणायचे. डिफ्रॅग म्हणजे तेवढंच. दुसरी: जुन्यावरच नवं लिहायला वेगळा खर्च नाही. म्हणून फाइल 'डिलीट' करताना आतला मजकूर पुसायचा नाही, फक्त यादीतलं नाव खोडायचं. जागा लागेल तेव्हा वरून नवं लिहिलं जाईलच. फायली परत आणणारी सॉफ्टवेअर जगली ती याच आळसावर.

माध्यमाची खोड आणि ती लपवणारी व्यवस्था, ही जोडी मात्र हार्ड डिस्कपुरती नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकात फेराइटच्या बारीक कड्यांची स्मृती होती: ४० बिटांचे २०४८ शब्द. त्यात फिरणारं काही नव्हतं. पण अशा कड्यांची एक खोड असते. वाचलं की आतलं पुसलं जातं. त्यामुळे प्रत्येक वाचनानंतर तेच परत लिहावं लागतं. प्रोग्राम लिहिणाऱ्याला याचा पत्ताही लागत नसे. यंत्रच ते निस्तरायचं. ही जोडी लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

खिडकीची चिप आणि अख्खी पाटी

आता एसएसडीकडे. १९६७ साली बेल लॅब्समध्ये दावोन कांग आणि सायमन झी यांनी 'फ्लोटिंग गेट' मांडलं. चारी बाजूंनी विद्युतरोधकात गुंडाळलेला एक कप्पा. त्यात इलेक्ट्रॉन ढकलले की ते तिथंच अडकून राहतात, वीज गेली तरी. इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत, यावरून शून्य की एक ते ओळखायचं.

भरणं जमलं, पण रिकामं कसं करायचं? १९७१ साली इंटेलमध्ये डोव्ह फ्रोहमन यांनी ईप्रॉम चिप केली. तुमच्यापैकी कुणी पॉलिटेक्निकला ८०८५ चं किट हाताळलं असेल, तर ही जात पाहिली असेल: चिपच्या पाठीवर पारदर्शक खिडकी, तिच्यावर चिकटपट्टी. पुसायची असेल तर चिप काढून अतिनील दिव्याखाली ठेवायची. पंधरा-वीस मिनिटांनी सगळं पुसलेलं. नंतर ईईप्रॉम आली. तिच्यात विजेनंच पुसता यायचं, तेही एकेक बाइट. पण त्यासाठी प्रत्येक घराला जादा ट्रान्झिस्टर लागायचा. चिप मोठी, म्हणून महाग.

तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी इथं उलटा विचार केला. एकेक बाइट पुसायची सोय सोडून दिली तर? जादा ट्रान्झिस्टर गेला, घर लहान झालं, चिप स्वस्त झाली. पुसायचं तर मोठा भाग एकदम पुसायचा. ही मांडणी त्यांनी १९८४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत केली. क्षणात सगळं पुसलं जाताना पाहून शोजी आरिइझुमी या सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, म्हणून नाव 'फ्लॅश'. १९८७ साली त्याच गटानं आणखी दाट 'नँड' रचना मांडली. तुमच्या एसएसडीत, पेनड्राइव्हमध्ये, मोबाइलमध्ये आज हीच आहे.

मासुओकांना याचं श्रेय सहज मिळालं नाही. १९९४ साली ते कंपनी सोडून विद्यापीठात गेले, २००४ साली त्यांनी आपल्या जुन्या कंपनीवर दावा लावला, आणि २००६ साली तो ८ कोटी ७० लाख येनवर मिटला.

आपल्या कामाची गोष्ट ती तडजोड. शाळेतली पाटी आठवा. पाटीवर ओळ ओळ लिहिता येते. पण समजा नियम असा आहे, की लिहिलेल्या ओळीवर पुन्हा लिहायचं नाही, आणि पुसायची तर अख्खी पाटीच पुसायची. नँड फ्लॅश अशी आहे. ओळीला तिथं 'पेज' म्हणतात, साधारण १६ केबीचं. पाटीला 'ब्लॉक' म्हणतात, त्यात शेकडो पेज. शिवाय प्रत्येक पुसण्यानं पाटी थोडी झिजते.

यापुढचा चाळीस वर्षांचा इतिहास म्हणजे ही एक खोड लपवण्याचा आणि कधीकधी ती उघडी पडण्याचा इतिहास आहे.

डिस्कचं सोंग

१९९१ साली सनडिस्क, म्हणजे नंतरची सॅनडिस्क, या कंपनीनं आयबीएमच्या लॅपटॉपसाठी फ्लॅशची २० एमबीची ड्राइव्ह दिली. किंमत हजारेक डॉलर. कंपनी उभी करणाऱ्या तिघांत एक संजय मेहरोत्रा होते, जन्मानं कानपूरचे. अडचण अशी, की लॅपटॉपला फ्लॅश ठाऊकच नव्हती. तो हार्ड डिस्कच्या भाषेत बोलायचा: "अमुक क्रमांकाच्या जागी हे लिही." त्याच जागी पुन्हा लिहिणं तर फ्लॅशला जमत नाही.

म्हणून मध्ये एक दुभाष्या बसवला: कंट्रोलर. असा दुभाष्या हार्ड डिस्कलाही लागायचाच. जमशेदपूरला जन्मलेले सुहास पाटील यांनी १९८१ साली अमेरिकेत 'पाटील सिस्टिम्स' काढली. तीच पुढं सिरस लॉजिक झाली आणि हार्ड डिस्कच्या कंट्रोलर चिपांनी तिनं जम बसवला. फ्लॅशच्या कंट्रोलरला मात्र आणखी एक काम पडलं: सोंग घेण्याचं. एम-सिस्टिम्स या इस्रायली कंपनीतल्या अमीर बान यांना त्या युक्तीचं अमेरिकी पेटंट १९९५ साली मिळालं. युक्ती अशी: लॅपटॉप म्हणाला "५०० नंबरवर पुन्हा लिही", तर जुन्या ओळीला हात न लावता दुसऱ्या पाटीवर कोऱ्या ओळीत लिहायचं आणि वहीत नोंद करायची, की ५०० नंबर आता इथं राहतो. जुनी ओळ मेलेली धरायची.

मेलेल्या ओळी साचल्या, की पाट्या मोकळ्या कराव्या लागतात. पाटीवरच्या जिवंत ओळी दुसरीकडे उतरवायच्या आणि मग ती पुसायची. या झाडलोटीचं गणित फ्लॅशसाठी नव्हे, तर हार्ड डिस्कसाठीच आधी मांडलं गेलं होतं. १९९१ साली बर्कलीच्या मेंडेल रोझेनब्लम आणि जॉन औस्टरहौट यांनी 'लॉग' पद्धतीची फाइलव्यवस्था मांडली: जागच्या जागी कधीच न लिहिता पुढं पुढं लिहीत जायचं आणि मागची सफाई करत राहायची. त्यांच्या लक्षात आलं, की सफाईचा खर्च डिस्क किती भरली आहे त्यावर ठरतो.

आपण पाटीवर करून पाहू. शंभर ओळींच्या पाटीवर ५० जिवंत असतील, तर ५० उतरवायच्या, आणि ५० नव्या ओळींना जागा होते. म्हणजे ५० नव्यांसाठी एकूण १०० ओळी लिहिल्या, दुप्पट. ८० जिवंत असतील तर २० नव्यांसाठी १००, पाचपट. ९० असतील तर दहापट. ९५ असतील तर वीसपट. सत्तर टक्क्यांवरून ऐंशीवर जाताना फारसं जाणवत नाही, पण नव्वदच्या पुढं खर्च कड्यावरून कोसळल्यासारखा वाढतो.

प्रत्यक्षात स्थिती इतकी वाईट नसते. कंट्रोलर सर्वांत मोकळी पाटी आधी निवडतो. शिवाय चिपवरची जागा १०२४ च्या पटीत मोजतात आणि खोक्यावरची १००० च्या, त्यामुळे साताठ टक्के जागा बहुधा राखीव म्हणून आत राहते. पण वक्राचा आकार तोच. माझी २४० जीबीची ड्राइव्ह ९७ टक्के भरलेली होती. मी एक ओळ टाइप करत होतो आणि ती बिचारी आत दहा ओळी इकडून तिकडे उतरवत होती.

२००९: मेल्याची खबर

यात एक मोठी गफलत होती. तुम्ही फोटो डिलीट करता तेव्हा जुन्या सवयीनं प्रणाली फक्त यादीतलं नाव खोडते. ड्राइव्हला हे कोण सांगणार? तिच्या लेखी तो फोटो जिवंतच. मग सफाईच्या वेळी ती तुमचे टाकलेले फोटोही जपून उतरवत बसायची. २००८-०९ मध्ये एसएसडी सामान्य लॅपटॉपमध्ये येऊ लागल्या आणि तक्रार येऊ लागली: नवी असताना पळते, वापरल्यावर मंदावते.

उपाय म्हणून 'ट्रिम' नावाची आज्ञा आली. प्रणालीनं ड्राइव्हला कळवायचं, की या या जागा आता मेल्या. ऑक्टोबर २००९ च्या विंडोज ७ मध्ये ती आली, लिनक्समध्ये २०१० च्या सुरुवातीला. सफाई हलकी झाली आणि वेग टिकू लागला.

त्याची किंमत माझ्यासारख्यानं मोजली. ट्रिम पोचली की ड्राइव्ह त्या जागेची वहीतली नोंद काढून टाकते, आणि बहुतेक ड्राइव्हना पुन्हा विचारलं तर शून्यं मिळतात. ज्या सुधारणेनं एसएसडी जलद ठेवली, तिनंच "डिलीट झालं तरी परत आणता येईल" हा पन्नास वर्षांचा आधार काढून घेतला. माझ्या अकराशे फोटोंच्या जागी शून्यं का होती, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

रूळ बदलले

हिवरखेडच्या वाचकांना गेजचा प्रश्न समजावून सांगायला नको. अकोला–खंडवा मीटरगेज आपल्याच गावावरून जायची. गाडीचा वेग एकटं इंजिन ठरवत नाही, रूळही ठरवतात, हे आपण अनुभवानं जाणतो.

एसएसडीचंही तेच झालं. चिपा जलद झाल्या, पण रूळ हार्ड डिस्कचेच होते. साटा जोडणीची कमाल मर्यादा सेकंदाला सहाशे एमबी, हातात पडतात साडेपाचशे. आणि तिच्या एएचसीआय या बोलीत एकच रांग, रांगेत जास्तीत जास्त ३२ मागण्या. एका सुईच्या डिस्कला तेवढं पुष्कळ होतं. २०११ च्या मार्चमध्ये एनव्हीएमई ही नवी बोली ठरली: ६५ हजारांवर रांगा, प्रत्येकीत तितक्याच मागण्या, थेट पीसीआय एक्सप्रेसच्या रुळांवरून. तिसऱ्या पिढीच्या चार पदरी रुळावर सेकंदाला साडेतीन हजार एमबी वाचता येतात.

पण फसू नका. हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर येताना विखुरलेली वाचनं सेकंदाला साठेकवरून हजारोंवर जातात. तो फरक हाताला कळतो. साटावरून एनव्हीएमईवर जाताना मोठ्या फायली उतरवणं झपाट्यानं होतं, पण वर्डमध्ये लिहिणाऱ्याला फारसं काही जाणवणार नाही. जुन्या लॅपटॉपला साटा ड्राइव्ह टाकली म्हणून हळहळू नका.

सल्ल्याची जन्मतारीख

आता मी पाळलेल्या सल्ल्यांकडे परत या. त्यातला एकही मूळचा मूर्खपणाचा नव्हता. प्रत्येक सल्ला कधीतरी, कुठल्यातरी यंत्रासाठी बरोबर होता. मी तारीख पाहिली नाही.

"डिफ्रॅग करा" हा तबकडीच्या काळातला सल्ला. एसएसडीला जवळ-लांब सारखंच. तुकडे एकत्र आणून फायदा नगण्य, पाट्या मात्र झिजतात.

"पार्टिशन नीट जुळवून घ्या" हा विंडोज एक्सपीच्या काळातला. एक्सपी पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करायचं, ते पेजच्या सीमेशी जुळत नसे आणि एका लिखाणाची दोन व्हायची. विंडोज व्हिस्टापासून सुरुवात एक एमबीवर गेली आणि प्रश्न संपला. एक्सपीच्या काळातली डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर उतरवली असेल, तरच तो आज लागू.

"पेजफाइल बंद करा, झीज वाचवा" हा सुरुवातीच्या लहान, नाजूक ड्राइव्हच्या काळातला. आजच्या ५०० जीबीच्या टीएलसी ड्राइव्हला ३०० टीबी लिखाणाची हमी असते, असं धरा. तुम्ही रोज २० जीबी लिहिलंत, तरी ते संपायला १५ हजार दिवस लागतात. म्हणजे ४१ वर्षं. तोवर तुमचा प्रबंध जमा झालेला असेल अशी आशा करू.

आणि एक उदाहरण खास संशोधकांसाठी. मे २०१५ मध्ये बातम्या झळकल्या, की वीज नसेल तर एसएसडीतला मजकूर आठवड्याभरात उडतो. आधार होता जेडेक या मानकसंस्थेच्या समितीचे प्रमुख अल्विन कॉक्स यांच्या एका जुन्या सादरीकरणातला तक्ता. कॉक्स यांना खुलासा करावा लागला, की तो तक्ता हमीइतकं लिखाण पूर्ण होऊन झिजलेल्या ड्राइव्हचा आहे, तुमच्या रोजच्या ड्राइव्हचा नाही. घरगुती ड्राइव्हसाठीचं मानक म्हणजे अशी पूर्ण झिजलेली ड्राइव्ह ३० अंश सेल्सिअसला विजेविना एक वर्ष टिकावी. तक्ता खरा होता. त्याच्या मथळ्याखालची अट वगळली की बातमी खोटी झाली.

गॅझेटियरमधला आकडा उचलताना तुम्ही वर्ष, जिल्ह्याची तेव्हाची हद्द आणि मोजमापाचं एकक पाहता ना? वऱ्हाडचा १८८१ चा आकडा आजच्या अकोला जिल्ह्याला लावत नाही ना? तोच नियम इथं.

तर मग करायचं काय?

आधी मोजा. टास्क मॅनेजर उघडून पाहा: लॅपटॉप अडखळतो तेव्हा शंभर टक्क्यांवर काय आहे, डिस्क की मेमरी? मेमरी असेल तर दोष एसएसडीचा नाही. आठ जीबी रॅम केलीत तर पैसे सार्थकी लागतील. आणि एका वेळी एकच बदल करा. मी चार बदल एकदम केले होते, त्यामुळे कशानं बिघडलं आणि कशानं सुधारलं तेच कळेना. प्रयोगाचा हा पहिला धडा मी लॅपटॉपवर नापास होऊन शिकलो.

मग हे:

१. पंधरा-वीस टक्के जागा कायम मोकळी ठेवा. का, ते पाटीच्या गणितात आलंच. दुसरंही कारण आहे. टीएलसी ड्राइव्ह प्रत्येक घरात तीन बिट ठेवते, क्यूएलसी चार. तीन बिटांसाठी इलेक्ट्रॉनच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात, चारांसाठी सोळा. म्हणून लिहिणं सावकाश. ते लपवायला ड्राइव्ह मोकळ्या जागेत आधी घराला एकच बिट ठेवून भराभर लिहिते आणि नंतर निवांत नीट लावते. मोकळी जागा आटली की ही सोयही आटते.

२. ट्रिम चालू आहे का पाहा. विंडोजमध्ये 'डिफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ज' उघडा. ड्राइव्हपुढं 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' असं दिसलं पाहिजे आणि वेळापत्रक चालू पाहिजे. ड्राइव्ह ओळखून विंडोज ट्रिम पाठवतं. उबंटूमध्ये हे आठवड्याला आपोआप होतं.

३. उन्हाळा सांभाळा. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो. एनव्हीएमई ड्राइव्ह सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास तापली की स्वतःच वेग कमी करते. गादीवर, गोधडीवर लॅपटॉप ठेवून हजारो फोटो उतरवू नका. टेबलावर ठेवा, जाळ्या साफ करा, मोठं काम पहाटे करा.

४. नवी घेताना लॅपटॉपच्या माहितीपत्रकात खाच पाहून घ्या. एम.२ आकाराची पट्टी साटाचीही असते आणि एनव्हीएमईचीही; दिसायला सारखी, पण सगळ्या खाचा दोन्ही घेत नाहीत. परवडत असेल तर क्यूएलसीपेक्षा टीएलसी घ्या.

५. कामाचं आणि साठवणीचं वेगळं करा. चालू प्रकरण, चालू वर्षाचे फोटो एसएसडीवर. बाकीचे बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी प्रत दुसऱ्या घरी किंवा ऑनलाइन. जुनी एसएसडी मजकूर भरून वर्षानुवर्षं कपाटात टाकू नका. आपल्या उन्हाळ्यात तर नाहीच.

६. डिलीट करण्यापूर्वी दुसरी प्रत उघडून पाहा. "आहे असं वाटतं" हे चालत नाही. पाच-दहा फायली प्रत्यक्ष उघडा, संख्या जुळवा, मगच पुसा. एसएसडीवर पुसलेलं परत मागायचं नसतं.

त्या विद्यार्थिनीच्या लॅपटॉपचं सांगायचं राहिलं. २५६ जीबीची ड्राइव्ह विंडोजला २३८ जीबी दिसत होती, त्यातले ६ मोकळे. आम्ही आधी दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर फोटोंच्या प्रती केल्या, दोन्ही उघडून पाहिल्या, मग साठेक जीबी हलवले आणि 'ऑप्टिमाइझ' चालवलं. बाकी कशालाही हात लावला नाही. लॅपटॉप सुधारला. या वेळी कशानं सुधारला ते आम्हाला सांगता येत होतं.

माझे अकराशे फोटो काढायला मी पुन्हा गेलो. आठ दिवस लागले. वह्या त्याच होत्या, पण दोन वह्यांची कडेची पानं तोवर झडली होती. त्या पानांवरचे आकडे मी एकदा डोळ्यांनी पाहिलेले आहेत. प्रबंधात देता येत नाहीत. तळटीपेत फक्त एवढंच आहे: "पाने उपलब्ध नाहीत."